भांडणाआधीचा कागद : विधी विद्यार्थी, गटाच्या ताया आणि झाडीपट्टीचे लेखक

विधी महाविद्यालयातल्या मुलांनी गावातल्या छोट्या उद्योजकांचे आणि कलावंतांचे कागद करायला शिकावं, असं मागच्या वेळी या सदरात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेते आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील कास्तकार आहेत. नागपूर-मुंबईला खोली करून इंटर्नशिप करणं परवडत नाही. गावाकडच्या धंदेवाल्यांना मदत केली तर ती इंटर्नशिपमध्ये धरतात का? आणि मला नेमकं काय करता येतं? (आर्णी)

धरतात, पण आधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. कुठे करायची याची यादी त्याच नियमांत आहे आणि त्यात स्वयंसेवी संस्था आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. म्हणजे तुमची पंचायत समिती त्यात बसते. एकदा तरी खटले आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे बसणं मात्र सक्तीचं आहे. ते यवतमाळला उरकता येईल. रोजची दैनंदिनी लिहा. पुढे तीच तुमचा पुरावा असते.

आता मर्यादा. अधिवक्ता कायदा, १९६१ नुसार वकिली फक्त सनद असलेल्या वकिलाला करता येते आणि सनदेशिवाय कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे वकीलपत्र, कोर्टात उभं राहणं, स्वतःच्या सहीने कुणाला नोटीस पाठवणं, यांपैकी काहीही तुमचं नाही. त्या कामाचे पैसे घेणंही नाही. तुमचं काम आहे ऐकून घेणं, नीट लिहून काढणं, कागद लावणं, अर्ज भरताना माणसाशेजारी बसणं आणि मसुदा करून वकिलाच्या टेबलावर ठेवणं. तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणूनही नाव देता येतं.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीपासून करा. तिला सरकारी फी शून्य आहे, तरी गावोगावी त्यासाठी लोकांकडून पैसे घेतले जातात. नोंदणी करताना मोबाइल त्या माणसाचा, ओटीपी त्याच्याच हातात आणि आधारचा फोटो तुमच्या फोनमध्ये राहायचा नाही. ही शिस्त पहिल्याच दिवशी लागली पाहिजे.

प्रश्न : आमचा बचत गट हळद दळून 'वायगाव हळद' या नावानं विकतो. वर्धेच्या बाजारात एक व्यापारी तेच नाव टाकून कुठलीही हळद विकतो. हे नाव आमच्या गटाच्या नावावर करून मिळेल का? लॉ कॉलेजची मुलं गावात आली होती, ती म्हणाली ट्रेडमार्क करून देतो. (समुद्रपूर तालुका)

ताई, त्या मुलांची तळमळ खरी असेल, पण हा सल्ला घाईचा झाला. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव त्या मातीत हळद पिकवणाऱ्या सगळ्यांचं असतं. १९९९ च्या मानांकन कायद्यातच लिहिलं आहे की असं नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. अर्ज केला असता तर तो फेटाळला गेला असता आणि फीचे पैसे गेले असते.

तुम्हाला दोन वेगळे कागद लागतील. एक, मानांकनाचे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद. तुमची हळद ठरवून दिलेल्या भागातच पिकलेली आहे, हे दाखवून चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा. सातबारा, पेऱ्याची नोंद, हळद कुणाकडून किती घेतली याचं गटाचं रजिस्टर, हे सगळं जमवणं हे विद्यार्थ्यांचं उत्तम काम आहे. ही नोंद झाली की त्या व्यापाऱ्याविरुद्ध बोलायला तुम्हाला कायद्यानं पाय रोवता येतो.

दुसरा कागद तुमच्या स्वतःच्या नावाचा. समजा पुड्यावर मोठ्या अक्षरात तुमचं एखादं वेगळं नाव आणि चित्र आहे, तर त्याचा ट्रेडमार्क होतो. मसाल्याचे पदार्थ वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते, पुढे वाढवता येते. असं नाव आधी कुणी घेतलंय का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तो शोध मुलांकडून करून घ्या.

पण त्याआधी मुलांनी तुम्हाला एक प्रश्न विचारायला हवा होता : मालक म्हणून नाव कुणाचं लिहायचं? बहुतेक बचत गट कुठल्याही कायद्याखाली नोंदलेले नसतात. मग सोय म्हणून अध्यक्षताईंचं नाव टाकलं जातं. चार वर्षांनी अध्यक्ष बदलतात, सून वेगळा धंदा काढते आणि दहा बायकांनी नावारूपाला आणलेली खूण एका घरात जाते. तुमची उत्पादक कंपनी किंवा नोंदणीकृत संघ असेल तर अर्ज त्याच्या नावानं करा. नसेल तर सभासदांच्या संयुक्त नावानं, गटाच्या ठरावासह. हा ठराव लिहायला विद्यार्थ्याला बसवा. त्याला कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

तुम्ही पाठवलेला पुडा मी समोर ठेवूनच लिहिते आहे. हिरवा ठिपका आहे, वजन आहे, भाव आहे. पॅकिंगचा महिना-वर्ष पेनानं लिहिलंय, ते हात लागून पुसलं गेलंय. अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तक्रारीसाठी फोन नाही. आणि नावाशेजारी गोलातलं 'आर' छापलंय. ते तातडीनं काढा. नोंदणी झालेली नसताना ती खूण छापायला कायद्यानं मनाई आहे. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहिता येतं.

प्रश्न : मी झाडीपट्टीत नाटकं लिहितो. कंपनीला नाटक दिलं, ठरलेले पैसे मिळाले, कागद काही नाही. आता त्या नाटकाचं शूटिंग यूट्यूबवर आहे, लाखाच्या वर लोकांनी पाहिलंय. त्यात लेखक म्हणून माझं नावही नाही. एक विधी विद्यार्थी म्हणतो, चॅनलवर स्ट्राइक (यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार) टाकू. टाकू का? (ब्रह्मपुरी)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पूर्व विदर्भातल्या या रंगभूमीचं नाव सगळ्या महाराष्ट्रात गेलं. पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या रात्री हजारो माणसं ज्याच्या शब्दांवर रडतात, त्या लेखकाच्या हातात अजून साधा चिठोराही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. नाटक लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो. तोंडी बोलण्यातून कंपनीला प्रयोग करण्याची मुभा मिळाली, एवढंच म्हणता येईल. चित्रण करून ते पसरवण्याचा हक्क त्यातून जात नाही. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरसुद्धा लेखक म्हणून आपलं नाव मागण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. नटांचाही यात वाटा आहे : त्यांच्या संमतीशिवाय प्रयोगाचं चित्रण करता येत नाही, हे कलम ३८-अ मध्ये आहे.

तरी स्ट्राइक आज टाकू नका. ती तक्रार खुद्द मालकानं किंवा त्यानं नेमलेल्यानं करायची असते, त्यात खोटं आढळलं तर जबाबदारी तुमची. तीन स्ट्राइक पडले तर चॅनलच बंद होऊ शकतो. ज्या माणसाशी दिवाळीनंतर वडशाला पुन्हा भेट होणार, बुकिंगचा फड एकत्र बसणार, त्याच्यावर पहिलाच वार असा करायचा का, हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर आधी पुरावा जमवला असता : तारखेची हस्तलिखित वही, तालमीतल्या प्रती, तुमचं नाव असलेली जाहिरात, पैसे आल्याची बँकेतली नोंद, आणि त्या व्हिडिओचा दुवा, तारीख आणि प्रेक्षकसंख्या दाखवणारे फोटो. मग वकिलाच्या सहीचं एक शांत पत्र : नाव टाका, आणि व्हिडिओच्या कमाईतला वाटा ठरवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तक्रारीचा मार्ग मोकळाच आहे.

त्या विद्यार्थ्याला मात्र सोडू नका. पुढच्या नाटकासाठी त्याच्याकडून एका पानाचा करार लिहून घ्या. कोणतं नाटक, कोणत्या हंगामापुरतं, एका प्रयोगाला किती, चित्रणाची परवानगी आहे की नाही आणि असली तर तिचे पैसे वेगळे किती, जाहिरातीत आणि व्हिडिओत नाव कुठे येणार. मुदत न विसरता लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. माझ्या देखरेखीखाली विद्यार्थी जिथे असे कागद करतात, त्या आमच्या केंद्रात मागच्या वर्षी एका कलावंतानं छापील करार आणला होता. माझ्या विद्यार्थिनीनं तो बोट ठेवून मोठ्यानं वाचला आणि 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' या ओळीवर थांबली. तो गृहस्थ म्हणाला, "हे मला कुणी वाचूनच नव्हतं दाखवलं." तिनं त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ ओढली. मग त्या ओळीवरच कंपनीशी दोन दिवस बोलणी झाली आणि 'कायमचे'चं 'तीन वर्षं' झालं.

जुन्या दंडारीची किंवा खडी गमतीची, म्हणजे इथल्या लोकनाट्यांची परंपरागत चाल घेतली असेल तर तिच्यावर मालकी सांगू नका, ती सगळ्या झाडीची आहे. शब्द तुमचे असतील तेवढे तुमचे.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका कंपनीला रॅक बनवून दिले, सात महिने झाले, ८६ हजार अडकलेत. फोन उचलत नाहीत. (दर्यापूर)

माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी झालेली होती का, हे पहिलं बघा. असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते, पुण्याला जावं लागत नाही. जवळच्या लॉ कॉलेजच्या मुलाला बोलवा आणि त्याच्याकडून तारखांचा तक्ता करून घ्या : ऑर्डर, चलन, माल पोचल्याची सही, बिल, त्यांचे 'देतो देतो'चे व्हॉट्सअ‍ॅप निरोप. एवढा कागद समोर असला की वकिलाचं काम तासाभराचं राहतं.

प्रश्न : मी ३० वर्षं वकिली करतो आहे. पोरांच्या हातून करारनामे करून घेणं मला धोक्याचं वाटतं. चुकलं तर भोगायचं कुणी? (पुसद)

वकीलसाहेब, तुमची शंका रास्त आहे, कारण चूक माझ्या देखरेखीतच झालेली आहे. दोन मित्रांनी मिळून डाळ मिल टाकली. विद्यार्थ्यानं भागीदारीचा मसुदा केला, नफ्याची टक्केवारी, बँक खातं, सगळं व्यवस्थित. मी तो घाईत चाळला. भागीदारी मोडली तर मशीन कुणाकडे राहणार, ही ओळ त्यात नव्हती, आणि फर्मची नोंदणी करून घ्या हेही आम्ही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी ते फुटले. मशीन एकाच्या शेडमध्ये आणि तिच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावर दावा लावताना केवढी अडचण होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दोघांपैकी एकाच्या बायकोनं केंद्रात येऊन मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडूनच तर कागद केला होता ना?" विद्यार्थी तोवर पास होऊन गेला होता. उत्तर मलाच द्यायचं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

त्यानंतर केंद्राच्या रजिस्टरात एक रकाना वाढवला : 'तपासणाऱ्या वकिलाची सही व तारीख'. तो रिकामा असेल तोवर कुठलाही मसुदा खोलीबाहेर जात नाही, समोरचा कितीही घाईत असो. मोडलेल्या डाळ मिलची ती फाइल मी प्रत्येक नव्या तुकडीला वाचायला देते.

तुमच्या भागात कॉलेजची मुलं गावोगाव शिबिरं घेतात, पण त्या रकान्यात सही करायला अनुभवी माणूस मिळत नाही. महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास पुरतील. तुमच्या ३० वर्षांत मोडलेल्या भागीदाऱ्या त्या मुलांना सांगितल्या तरी त्यांचे मसुदे सुधारतील. येणार असाल तर कळवा, शनिवार तुमच्या सोयीनं धरू.