नक्कल करण्यात मुलीचे वर्ष वाया जाईल का?

सप्रेम नमस्कार.

आपले सांगलीहून आलेले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे, तिला चित्रकलेची पदवी घ्यायची आहे आणि गेले चार महिने दर रविवारी ती याकोब फान रौसडाल या सतराव्या शतकातील डच चित्रकाराच्या हार्लेमच्या निसर्गचित्राची तैलरंगात नक्कल करीत आहे. ‘दुसऱ्याचे चित्र उतरवून हिला काय येणार आणि पुढे पोट कसे भरणार,’ असे आपण विचारता. तर पत्राच्या तळाशी तिने स्वतःच्या अक्षरात ‘माझे आकाश दर वेळी चिखलासारखे का होते?’ असे विचारले आहे. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्या प्रश्नात असल्यामुळे मी तेथूनच सुरुवात करतो.

आकाश मळते, कारण ती पांढरा, निळा आणि काळा रंग ओल्यातच एकमेकांत घोटत असावी. मूळ चित्र जेमतेम ५५ बाय ६२ सेंटिमीटरचे असून त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग आकाशाने व्यापला आहे. तरीही त्यातील ढगांत शुद्ध पांढरा रंग अगदी थोडा आहे, आणि ढगांची पोटे उबदार करड्या रंगाची आहेत. तिने आधी टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात केवळ उजेड-सावली मांडावी, तो थर वाळू द्यावा आणि मगच वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत जावे. हा क्रम उलटला, तर पुढे रंगाला भेगा पडतात. खाली मैदानात उन्हात शुभ्र होण्यासाठी पसरलेल्या कापडांचे पांढरे पट्टे दिसतात, त्यांच्याकडे तिने विशेष लक्ष द्यावे, कारण ते उजळ भासतात ते शेजारी ढगाची सावली पडलेली असल्यामुळे. हे ज्या दिवशी तिच्या हाताला कळेल, त्या दिवशी ती उतरवणे सोडून पाहायला लागलेली असेल. मोबाइलच्या पडद्यावरून मात्र रंग जुळवू नयेत. हे चित्र नेदरलँड्समधील हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, त्याची मोठी, स्पष्ट प्रतिमा मिळवून चांगल्या कागदावर छापून घ्यावी.

इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल निसर्गचित्रकार म्हणून नावाजला गेल्यानंतरही, १८३२ मध्ये, रौसडालच्या एका हिवाळी दृश्याची नक्कल करीत होता. आपल्याकडे १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स या ब्रिटिश कलाशिक्षकांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, आणि त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. त्यामुळे या रविवारांची काळजी आपण करू नये.

काळजी करायची, ती प्रवेश परीक्षेची करावी. बी.एफ.ए. या कलेच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा कस लागतो, आणि त्यांपैकी एकही नकलेने सुधारत नाही. म्हणून रोज एक तास पेन्सिलीने प्रत्यक्ष वस्तू पाहून रेखाटन आणि रविवारी तैलरंग, अशी वाटणी करावी. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचावी.

पोटापाण्याविषयी एक गोष्ट आपल्या ध्यानात आलेली दिसत नाही. तिचे रसायनशास्त्र येथे उपयोगी पडणारे आहे. जुन्या चित्रांचे जतन आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाला थर कसे चढवले गेले, तेल कसे वाळते, वार्निश का पिवळे पडते, हे हाताने आणि शास्त्राने दोन्हीकडून कळावे लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे जतन केंद्र आहे. एकदा मुलीला घेऊन ते संग्रहालय आणि तेथील युरोपीय चित्रांचे दालन अवश्य पाहावे. कलाशिक्षकाचा मार्ग तर आहेच.

नक्कल पूर्ण झाली की चित्राच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव, ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि तारीख तिने लिहावी. पुढच्या बाजूस सही करू नये. त्यानंतर पावसाळ्यात कृष्णेच्या घाटावर जाऊन, तेच थर आणि तोच क्रम वापरून, तिने आपले आकाश रंगवावे. ती दोन चित्रे शेजारी ठेवून त्यांचे छायाचित्र मला पाठवावे. मी सविस्तर उत्तर देईन.