वाचकांचे प्रश्न : मेटेलस खोटा, सेप्टिमियस खरा

मागच्या अंकात इजिप्तच्या जुन्या बंदरांबद्दल लिहिताना मी एका व्हिडिओ गेमचा उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रं वाचून हे पूर्ण पान त्या एकाच विषयाला द्यायचं ठरवलं. गेम म्हणजे 'ॲसॅसिन्स क्रीड ओरिजिन्स', युबिसॉफ्टने २०१७च्या ऑक्टोबरात आणलेला. सिवाच्या ओॲसिसचा रक्षक बायेक, त्याचा लहानगा मुलगा खेमू, त्या मुलाचा जीव घेणारी मुखवटेधारी माणसं आणि त्यांच्या मागावर सगळा इजिप्त पालथा घालणारा बाप, अशी त्याची कथा. २०१९च्या पावसाळ्यात माझ्या घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा भाच्याने मला तो शिकवला. त्यानंतर मी तो दोनदा पूर्ण खेळले आहे. ज्यांची कथा अजून संपलेली नाही त्यांनी हे पान बाजूला ठेवावं, कारण शेवट मला इथे सांगावाच लागणार आहे.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. या गेममधला सगळ्यात मोठा खलनायक म्हणजे फ्लेवियस मेटेलस, रोमन सेनापती. सीझरच्या बाजूला गोड बोलत उभा राहतो आणि आतून स्वतःचं कारस्थान शिजवतो. हा खरंच होऊन गेला का? मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.
— एक विद्यार्थी, नाशिक

नाही, हा माणूस खेळ लिहिणाऱ्यांनी निर्माण केलेला आहे. पण तू पुस्तकात शोधायला गेलास याचा मला फार आनंद झाला.

तो काल्पनिक आहे हे त्याच्या नावावरूनही ओळखता येतं. त्या काळातल्या मोठ्या रोमन माणसाला साधारण तीन नावं असत : आधी स्वतःचं, मग कुळाचं, मग त्या कुळातल्या शाखेचं. गायस ज्यूलियस सीझर म्हणजे ज्यूलियस कुळातल्या सीझर शाखेचा गायस. आता फ्लेवियस हे कुळाचं नाव. मेटेलस हे शाखेचं, पण ती शाखा कॅसिलियस नावाच्या वेगळ्याच कुळाची. दोन घरांच्या पाट्या एकाच दारावर लावाव्यात तसं हे नाव झालंय.

गंमत अशी की त्याच वर्षांत एक खराखुरा मेटेलस सेनापती होता आणि कारस्थानात तो कुणाला हार जाणारा नव्हता. क्विंटस कॅसिलियस मेटेलस पायस सिपिओ. जन्माने सिपिओ, दत्तक गेला मेटेलस घरात. याची मुलगी कॉर्नेलिया ही सीझरचा प्रतिस्पर्धी सेनापती पॉम्पी याची बायको, म्हणजे हा पॉम्पीचा सासरा. इ.स.पू. ५२मध्ये जावई-सासरे दोघं मिळून कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, होते. आणि इ.स.पू. ४९च्या जानेवारीत 'सीझरने ठरलेल्या दिवसापर्यंत सैन्य सोडावं, नाहीतर तो देशाचा शत्रू' हा ठराव सिनेटमध्ये मांडणारा हाच. यादवी पेटली त्यात त्या ठरावाचा मोठा वाटा होता.

पुढे आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, त्याने पैसा कसा उकळला ते सीझरने लिहून ठेवलंय. माणशी कर, त्यात गुलाम आले आणि मुलंही आली. घराच्या खांबांवर कर, दारांवर कर. एफिससच्या देवळातला खजिना काढायला तो निघालाच होता, तेवढ्यात 'सीझर समुद्र ओलांडून आला, ताबडतोब निघून ये' असं पॉम्पीचं पत्र आलं आणि देऊळ वाचलं. हे शत्रूने लिहिलेलं आहे, म्हणून थोडं हात राखून वाचायचं. पण खांबांवर आणि दारांवर कर हा तपशील मी वर्गात सांगते तेव्हा मुलं वर बघतात, मोजायला लागतात आपल्या घरात खांब किती ते. गेममधल्या फ्लेवियसजवळ जादूचा गोळा आहे, त्याने तो किरीनच्या लोकांची मनं ताब्यात घेतो. मला विचारशील तर दारं मोजणारा खरा मेटेलस जास्त भीतिदायक.

किरीनचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते. आज लिबियात शहात गावाजवळ तिचे अवशेष आहेत. गेममध्ये हे शहर फ्लेवियसच्या हातात आहे. प्रत्यक्षात पॉम्पी मेल्यानंतरच्या हिवाळ्यात तिथल्या लोकांनी दरवाजे उघडले ते केटोला, सीझरच्या कट्टर विरोधकाला. तिथून तो फौज घेऊन पश्चिमेला निघाला आणि पुढे कुणाला जाऊन मिळाला? याच खऱ्या मेटेलसला. म्हणजे मेटेलस नावाचा सेनापती उत्तर आफ्रिकेत होता खरा, पण सीझरच्या विरुद्ध बाजूला.

त्याचा शेवटही ऐक. इ.स.पू. ४६मध्ये आजच्या ट्युनिशियातल्या थाप्ससला सीझरकडून हरल्यावर तो जहाजाने पळाला, वाटेत शत्रूने गाठलं. त्याने स्वतःच्या पोटात तलवार खुपसली. शत्रूचे सैनिक जहाजावर चढून विचारू लागले, सेनापती कुठे आहे? तो म्हणाला, 'सेनापती ठीक आहे.' आयुष्यभर लोकांना लुबाडणाऱ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य यावं, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याच्या मित्रांकडे हा गेम आहे आणि तोही मागतो आहे. इतिहास शिकेल असं म्हणतो. द्यावा का?
— एक आई, डोंबिवली

कथेचा खेळ आत्ता देऊ नका. युरोपात त्यावर १८ वर्षांचं बंधन आहे आणि ते योग्य आहे, रक्तपात खूप आहे. पण याच गेममध्ये 'डिस्कव्हरी टूर' नावाचा वेगळा भाग आहे, २०१८च्या फेब्रुवारीत आलेला. त्यात लढाई अजिबात नाही. अलेक्झांड्रियाच्या रस्त्यांवरून, पिरॅमिडमधून, शेतांतून चालायचं आणि माहिती ऐकायची. पाऊणशे फेऱ्या आहेत. मी स्वतः सुरुवात तिथूनच केली. पाय हलत नव्हता त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी अलेक्झांड्रियात फिरून येत असे. शक्य झालं तर तुम्ही त्याच्या शेजारी बसून बघा.

प्रश्न : मी २२ वर्षं सैन्यात होतो. नातवाने मला या गेममधला लुशियस सेप्टिमियस दाखवला. हा रोमन असून पॉम्पीसारख्या सेनापतीचं डोकं कापतो. नातू म्हणाला, आजोबा, हा खरा होता. मला पटत नाही. शिपाई आपल्या जुन्या साहेबावर असा हात टाकेल?
— माजी सैनिक, सातारा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुर्दैवाने तुमचा नातू बरोबर सांगतो आहे. सेप्टिमियस खरा होता. आणि जे घडलं ते गेमपेक्षाही वाईट होतं.

इ.स.पू. ४८च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधल्या फार्सेलसला पॉम्पी सीझरकडून हरला. लेस्बॉस बेटावरून बायकोला आणि मुलाला सोबत घेऊन तो सायप्रसमार्गे इजिप्तला आला, पेलुसियमच्या किनाऱ्याला. इजिप्तचा राजा तेरावा टॉलेमी तेव्हा पोरगेलासा, बहीण क्लिओपात्राविरुद्ध फौज घेऊन तिथेच तळ ठोकून बसलेला. या मुलाच्या बापाला गादी परत मिळाली होती ती पॉम्पीच्याच माणसांमुळे. त्यामुळे आसरा मिळेल अशी आशा ठेवणं वेडेपणाचं नव्हतं.

राजाच्या सल्लागारांची बैठक बसली. त्यात राजाचा शिक्षक थिओडोटस होता, वक्तृत्व शिकवणारा. त्याने हिशोब मांडला : आसरा दिला तर सीझर शत्रू होणार आणि पॉम्पी डोक्यावर बसणार, हाकलून दिलं तर दोघंही रागावणार, म्हणून बोलावून मारावं. मग तो हसून म्हणाला, 'मेलेला माणूस चावत नाही.' मुलांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाने हे बोलावं, याचा मला शिक्षक म्हणून आजही संताप येतो.

आता तुमचा प्रश्न. पॉम्पीच्या जहाजाकडे एक मासेमारीची होडी निघाली. तिच्यात राजाचा सेनापती अकिलास, साल्वियस नावाचा सेंच्युरियन (रोमन तुकडीचा नायक) आणि सेप्टिमियस. हा सेप्टिमियस चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत पॉम्पीच्या हाताखाली लढलेला. होडी जवळ येताच तोच आधी उभा राहिला आणि लॅटिनमध्ये हाक मारली : इम्पेरातोर! जुन्या शिपायाने जुन्या सेनापतीला जशी मारावी तशी. अकिलास ग्रीकमध्ये म्हणाला, पाणी उथळ आहे, मोठं जहाज येणार नाही, होडीत या. पॉम्पीने बायकोचा निरोप घेतला आणि तो उतरला.

किनारा बराच लांब होता. होडीत कुणी एक शब्द बोलेना. पॉम्पीने सेप्टिमियसकडे बघून विचारलं, 'मी चुकत नसेन तर तू माझ्याबरोबर लढला आहेस ना?' सेप्टिमियसने नुसती मान हलवली. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर ओळख नाही. मग पॉम्पीने राजासमोर करायचं ग्रीक भाषण काढलं, छोट्या गुंडाळीवर लिहून आणलेलं, आणि तो ते वाचत बसला.

किनारा लागला. उठताना आधार म्हणून त्याने आपल्या फिलिप नावाच्या माणसाचा हात धरला, त्याच क्षणी मागून पहिला वार झाला. तो सेप्टिमियसचा. मग साल्वियस, मग अकिलास. पॉम्पीने दोन्ही हातांनी टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, चेहऱ्यावर ओढून घेतला, एक शब्द बोलला नाही, फक्त कण्हला. कॉर्नेलिया हे सगळं जहाजावरून बघत होती. तारीख २८ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी त्याला ५८ वर्षं पूर्ण होणार होती.

गेममध्ये सेप्टिमियस पॉम्पीचं डोकं कापतो हे आहे. पण ती हाक, तो प्रश्न आणि ते मान हलवणं त्यात नाही. दुसऱ्यांदा खेळताना मी त्या भागाशी आले आणि रिमोट खाली ठेवून प्लुटार्क, म्हणजे हे सगळं लिहून ठेवणारा जुना ग्रीक चरित्रकार, काढून वाचला. खाल्ल्या मिठाला न जागणारी माणसं इतिहासात पुष्कळ आहेत, पण विचारल्यावर 'हो, मी तुमचाच' अशी मान हलवून मग मागून वार करणारा मला दुसरा आठवत नाही.

शिपाई असा कसा झाला, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. इ.स.पू. ५५मध्ये गॅबिनियस या रोमन सुभेदाराने टॉलेमीच्या बापाला गादीवर परत बसवलं, त्याचा ठरलेला मोबदला १०,००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी. गॅबिनियस परत गेला, पण काही फौज तिथेच राजाच्या रक्षणाला ठेवून गेला. हे गॅबिनियसचे शिपाई. पगार दुसऱ्याच्या राजाचा, वर रोमचा अधिकारी नाही. सीझर लिहितो की अलेक्झांड्रियाच्या मोकाट राहणीची त्यांना सवय झाली, रोमची शिस्त ते विसरले, तिथेच बायका केल्या, मुलंबाळं झाली. इ.स.पू. ५०मध्ये सीरियाच्या सुभेदाराने त्यांना लढाईवर बोलवायला आपले दोन मुलगे पाठवले, ते दोघंही यांनी मारून टाकले. राजवाड्याच्या भांडणात कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं हे तेच ठरवू लागले. शनिवारवाड्यातले गारदी आठवा, म्हणजे त्या फौजेची हवा कळेल. सेप्टिमियस याच लोकांतला, आणि गेमने त्याला त्यांचा म्होरक्या दाखवला आहे.

त्याच किनाऱ्यावर दुसरा एक जुना शिपाईही होता, त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. सगळे निघून गेल्यावर फिलिपने ते धड समुद्राच्या पाण्याने धुतलं, स्वतःच्या अंगरख्यात गुंडाळलं आणि एका जुन्या मोडक्या होडीच्या फळ्या गोळा करून चिता रचू लागला. तेव्हा एक म्हातारा रोमन तिथे आला, तरुणपणी पॉम्पीच्या पहिल्या मोहिमांत लढलेला. म्हणाला, हा मान तुला एकट्याला घेऊ देणार नाही, मलाही हात लावू दे. त्याचं नाव प्लुटार्कने दिलेलं नाही.

प्रश्न : गेममध्ये बायेक सेप्टिमियसला मारणार इतक्यात सीझर अडवतो आणि त्याला चक्क आपला सल्लागार करतो. खऱ्या सीझरने असं केलं?
— एक वाचक, दुबई

नाही. सीझर अलेक्झांड्रियाला पोहोचला तेव्हा थिओडोटसने पॉम्पीचं डोकं त्याच्यापुढे आणलं. सीझरने तोंड फिरवलं. पॉम्पीची मुद्रेची अंगठी मात्र हातात घेतली आणि तो रडला. पॉम्पी हा त्याचा एकेकाळचा जावई, मुलगी ज्यूलिया बाळंतपणात गेली तिचा नवरा. त्या अंगठीवर पंजात तलवार धरलेला सिंह कोरलेला होता. गेममध्ये फ्लेवियसचं गुप्त नाव 'सिंह' आहे. लिहिणाऱ्यांना ही अंगठी ठाऊक असेल असं मला वाटत राहतं.

राजाचा कारभारी पोथिनस याला सीझरने राजवाड्यातच मारवलं. गेममध्ये तो नाईलच्या लढाईत हत्तीवरून लढतो, प्रत्यक्षात त्या लढाईआधीच तो मेलेला होता. अकिलासचा काटा त्याच्याच बाजूच्या लोकांनी काढला. थिओडोटस पळाला, आशियात तोंड लपवत फिरला आणि सीझरच्या खुनानंतर त्याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या हाती सापडला. ब्रूटसने त्याला हाल करून मारलं.

सेप्टिमियसचा शेवट प्लुटार्कच्या गोष्टीत येत नाही. गेम लिहिणाऱ्यांनी ती रिकामी जागा हेरली. इ.स.पू. ४४चा मार्च, रोममध्ये पॉम्पीने बांधलेलं नाट्यगृह, आणि तिथे आया, म्हणजे बायेकची बायको, सेप्टिमियसला संपवते. मग सीझरकडे जाते. जागा त्यांनी अचूक निवडली. सीझरला मारलं ते त्या नाट्यगृहाला जोडलेल्या पॉम्पीच्याच सभागृहात आणि तो कोसळला पॉम्पीच्या पुतळ्याच्या पायाशी. रोमला जाल तेव्हा लार्गो दी तोर्रे आर्जेंतिनाच्या चौकात थांबा. रस्त्यापेक्षा खोल खड्ड्यात चार देवळांचे अवशेष दिसतात, त्यांच्या मागच्या बाजूला त्या सभागृहाचा थोडासा पाया उरला आहे.