नॉर्वेजियन भाषेतली लांबलचक जोडनामं कुठे तोडायची आणि जोर कुठे द्यायचा?

शब्द मागून सोडवा. शेवटचा ओळखीचा शब्द आधी सुटा करा. मुख्य अर्थ त्याचा, लिंगही त्याचंच.

पुढून वाचत गेलात तर फसाल. ‘वीनग्लास’ म्हणजे वाइनचा पेला. वीन अधिक ग्लास. पण लिहिताना एन आणि जी शेजारी येतात, आणि नवख्याचा डोळा ‘विंग-लास’ असं तोडतो. विंग म्हणजे पंख, लास म्हणजे गाडीभर ओझं! शिवाय ‘वीन’मधला दीर्घ ई ऱ्हस्व होतो, मग ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही.

सांध्यात घातलेलं एस (s) किंवा ई (e) हे अक्षर पहिल्या भागाकडे राहतं: ‘आर्बाइद्स-प्लास’ (कामाची जागा), ‘बाणे-स्कूले’ (प्राथमिक शाळा). ओळ संपली म्हणून शब्द तोडायचा झाला तरी इथेच. ‘बुस’ (बस) आणि ‘स्तॉप’ (थांबा) जोडताना तीन एस एकत्र येतात, पण लिहायचे दोनच. ओळीच्या शेवटी तोडलात तर मात्र तिसरा परत येतो.

आता जोर. मुख्य आघात पहिल्या शब्दावर, हलका आघात शेवटच्या शब्दावर; आणि शेवटच्या शब्दात तो नेमका तिथेच, जिथे तो शब्द एकटा असताना असतो. स्टेशनला ‘स्ताशून’ म्हणतात, जोर ‘शून’वर. म्हणून ‘यॅणबाने-स्ताशून’ (रेल्वे स्टेशन) म्हणताना ‘यॅण’ ठणकावून, ‘शून’ हलकेच, मधलं ‘बाने’ दबलेलं. मराठी माणूस घसरतो तो इथेच. आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो, त्यामुळे दोन सुटे शब्द ऐकू येतात. लिहिताना मधे जागा सोडली तरी तीच गत: ‘आनानासबीतर’ म्हणजे अननसाचे तुकडे, ‘आनानास बीतर’ म्हणजे अननस चावतो.

गावांच्या नावांत मात्र नियम फार ताणू नका. क्रिस्तियानसान शहराच्या नावात जोर शेवटच्या ‘सान’वर आहे.

एक फुकटचा फायदा: ओस्लोकडे र नंतर त किंवा न आला की दोन्ही मिळून ट, ण होतात, अगदी सांध्यावरसुद्धा. ‘स्तूर’ अधिक ‘तिंग’ म्हणजे संसद, उच्चार ‘स्तूटिंग’. आपल्या जिभेला हे शिकवावं लागत नाही. बर्गन शहरात र घशातून काढतात, तिथे ‘स्तूर-तिंग’च म्हणा.