सणाला आणि ३१ डिसेंबरला दारूविक्री बंद ठेवली तर दारू पिऊन गाडी चालवणं थांबेल का? की पोलिसांनी कायदा कडक राबवावा?

तुम्ही लिहिलंय की गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर असल्या दिवशी दुकानं सरळ बंद ठेवली तर प्यायलाच मिळणार नाही, मग चौकाचौकात पोलीस उभे करायची गरजच काय. मी सहा वर्षं हायवेलगतच्या एका दुकानात काउंटरला होतो, सातारा जिल्ह्यात, मालकाचं पुढं वाइन शॉप आणि मागं परमिट रूम. त्यामुळे हे काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं सांगतो.

ड्राय डेला दारू मिळत नाही हे खरं नाही, ती आदल्या दिवशी मिळते. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीचा ड्राय डे, तर १ ऑक्टोबरची संध्याकाळ बघा एकदा कुठल्याही वाइन शॉपसमोर. रोज क्वार्टर (१८० मिली) नेणारा माणूस त्या दिवशी खंबा (७५० मिलीची बाटली) नेतो, कारण उद्या नाही मिळाली तर, आणि घरात खंबा असला की तो क्वार्टरवर थांबत नाही हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. आमचा गल्ला त्या दिवशी रोजच्या दुपटीच्या वर जायचा, दोन पोरं जास्तीची लावायला लागायची. ३० सप्टेंबरला मालक स्टॉक भरून ठेवायचा आणि म्हणायचा गांधीबाबांच्या कृपेने दिवाळी आधीच आली. मला हसू यायचं तेव्हा.

मग प्यायचं कुठं? परमिट रूम बंद, घरी आई-बायको. म्हणजे विहिरीवर, शेतात, डॅमच्या बाजूला. आणि तिथं जायचं यायचं कसं, तर बाईकवर, तिघंतिघं. कमी पडली की ढाब्यावर ब्लॅकने मिळते म्हणून रात्री परत दहा किलोमीटर. यात्रेला किंवा कुठल्या मिरवणुकीला कलेक्टरने फक्त आमच्या गावापुरतं बंद ठेवायला सांगितलं (कलेक्टरला दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली तो अधिकार आहे) की लोक शेजारच्या तालुक्यात जायचे, तिथंच बसायचे आणि रात्री परत यायचे. एरवी जो माणूस गावातच पिऊन पाचशे मीटर झोकांड्या खात घरी गेला असता तो आता पंचवीस किलोमीटर गाडी चालवतोय. बंदीने दारू कमी नाही झाली, रस्ता वाढला.

एक सांगतो, जे मी सहसा सांगत नाही. एका १ ऑक्टोबरला आमच्याच एका रोजच्या गिऱ्हाइकाला मी खंबा पेपरात गुंडाळून दिला, त्याने चेष्टेत विचारलं उद्या तू काय करणार, मी म्हटलं झोपणार. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ड्राय डेच्या रात्री, सर्व्हिस रोडला दिवे न लावता उभ्या ट्रेलरवर मागून गेला. जागेवर. पंचनाम्यात दारूचा द पण नाही, अंधारात उभ्या वाहनाला धडक एवढंच. घरच्यांनीच हात जोडले होते म्हणे, कारण दारू लिहिली की विम्याचे पैसे गेले, दोन लहान पोरं होती. मी त्यांना दोष देत नाही. पण यावरून एक समजून घ्या, देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यात दारूमुळे म्हणून नोंद झालेली दोन-अडीच टक्के आहेत. सत्तर टक्क्यांच्या आसपास 'अतिवेग'. हा अतिवेग कशाने आला होता ते कागदावर येतच नाही. त्यामुळे अमुक दिवस बंद ठेवल्याने इतके अपघात कमी झाले असं कुणी आकड्यांनिशी सांगायला लागला तर मी जरा लांबूनच ऐकतो.

मोठ्या पातळीवर पण हे करून झालंय. सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०१६ ला हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायचा निकाल दिला, १ एप्रिल २०१७ पासून लागू, लहान गावांसाठी नंतर २२० मीटर केलं. हेतू चांगलाच होता, ड्रायव्हर लोकांना सहज मिळू नये. झालं काय, राज्यांनी हायवेचे तुकडे नगरपालिकांकडे वर्ग करून टाकले की हा हायवेच नाही, आणि केरळात एका बारवाल्याने दारापुढं चक्रव्यूहासारख्या भिंती घातल्या, गिऱ्हाइकाने गोल गोल चालत अंतर भरून काढायचं! त्याच वर्षी कोर्टाने स्पष्ट केलं की नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना हे लागू नाही आणि काही महिन्यांनी आमचंही शटर परत वर गेलं. मधल्या काळात मी घरी बसून होतो, आमची गिऱ्हाइकं गावात आतल्या दुकानात जात होती आणि त्याच हायवेने परत येत होती. चंद्रपूर जिल्ह्यात तर २०१५ ते २०२१ सहा वर्षं पूर्ण बंदी होती, शेवटी सरकारनेच उठवली.

आणि गंमत अशी की तुम्ही ज्या ३१ डिसेंबरला बंद ठेवा म्हणताय त्या रात्री आपलंच सरकार परमिट रूमना पहाटे पाचपर्यंतची सूट देतं, एक दिवसाचे परवाने एक्साइजवाले गठ्ठ्याने वाटतात. २ ऑक्टोबरला शटर खाली आणि ३१ ला पहाटेपर्यंत चालू, महसूल कुठल्या दिवशी येतो ते बघून तत्त्व ठरतं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडला तर १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आधी पहिल्या वेळचा दंड २,००० होता. हे चलान जागेवर भरून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. लोकांना वाटतं तीस म्हणजे बरीच असेल. साधारण सत्तर किलोच्या माणसाला रिकाम्या पोटी एक साठचा पेग पुरतो ती रेषा ओलांडायला. स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली प्यायला तर ती अंगातून पूर्ण उतरायला पाच-सहा तास जातात, लिंबूपाणी पिऊन, उलटी काढून, पान खाऊन उतरत नाही, वास तेवढा बदलतो. आमच्याकडे लोक बडीशेप खाऊन समाधानाने किक मारायचे.

म्हणजे कायदा पुरेसा कडक आहे. पण कडक असणं आणि सापडायची भीती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा हजार ऐकून कुणी प्यायचं थांबत नाही, आज रात्री याच रस्त्यावर पोलीस यंत्रात फुंकायला लावणार हे पक्कं माहीत असलं तर थांबतो. मुंबईत २००७ पासून ट्रॅफिकवाल्यांनी ब्रेथ अॅनालायझर घेऊन वर्षभर नाकाबंदी लावली, माझा चुलतभाऊ डोंबिवलीला असतो, त्याच्या ऑफिसच्या पार्टीत आधी ठरतं आज न पिणारा कोण, सोडणार कोण. हे संस्कार नव्हेत, ही नाकाबंदी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे ते फुंकणं बंद केलं होतं, तोपर्यंत लोकांना सवय झालेली.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. तिथं १७ डिसेंबर १९८२ पासून, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, पोलिसांनी कुठल्याही गाडीला संशय नसला तरी थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली. ख्रिसमसची दारू बंद नाही केली. पुढच्याच वर्षी रस्त्यावरचे मृत्यू पाचव्या हिश्शाहून जास्त घटले. कारण कुठल्या चौकात उभे असतील ते कुणालाच माहीत नाही आणि ओळख सांगून सुटता येत नाही.

तर आपल्याकडे अडतं ते या सुटण्यावर. पुण्याच्या कल्याणीनगरचा पोर्श गाडीचा अपघात आठवा, १९ मे २०२४. सतरा वर्षांचा पोरगा, दोन इंजिनिअर गेले. तो काही सण नव्हता, शनिवारची रात्र होती नेहमीची. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड दारूला २५ वय लागतं, म्हणजे त्या पोरापुरता तर बाराही महिने ड्राय डेच होता ना! तरी बारमध्ये बसला. मग जामिनाला ३०० शब्दांचा निबंध, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून या सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक. पकडल्यावर कागदावर काय येतं इथंच सगळं ठरतं, मग दुकान किती दिवस बंद होतं याला काय अर्थ राहिला. काउंटरवर मी पण कधी कुणाचं वय विचारलं नाही हेही सांगून टाकतो, मिशी दिसली की दिली.

बंदी अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीला, मतदानाआधीचे ४८ तास, तिथं बंद ठेवायला कारण आहे, गर्दीत भांडणं होतात, मतं विकत घेतली जातात. आणि माझी आई म्हणायची एक दिवस तरी बायकांना शांत झोप लागते, ते पण खोटं नाही. फक्त त्याला रस्ता सुरक्षेचं नाव देऊ नका.

अजून एक, जे शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. गावाकडं पिऊन घरी जायला दुसरं साधनच नसतं. शेवटची एसटी संध्याकाळी, रिक्षा नाही. आमच्या मालकाने एकदा चांगला प्रयत्न केला होता, एका रिटायर रिक्षावाल्याला रात्री बसवला, पन्नास रुपयात घरी सोडणार, बाईक आमच्या आवारात ठेवा सकाळी घेऊन जा. महिनाभर चाललं नाही. पैशाचं कारण नव्हतं, लोक म्हणायचे सकाळी गाडी तुमच्या दारात दिसली की गावाला कळतं! पिऊन गाडी चालवायची लाज नाही, गाडी दारूच्या दुकानासमोर दिसायची लाज. शेवटी मागं पत्रे मारून आडोसा केला, तेव्हा थोडीफार माणसं तयार झाली.

म्हणून माझं मत विचाराल तर एका रात्रीची बंदी नको आणि एका रात्रीची नाकाबंदी पण नको. आमच्याकडे वर्षभर कुणी फुंकायला लावत नाही आणि ३१ ला मात्र ठरलेल्या चौकात, ठरलेल्या वेळी. गेल्या ३१ ला गावच्या ग्रुपवर मेसेज पडला, "चौकात उभे राहणारेत, कॅनॉलवरून या." मेसेज साडेनऊचा होता. पोलीस पावणेदहाला आले.