होडीत काय काय ठेवायचं

भावा नवी होडी घेतलीस, छान, पण १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की लगेच पळू नकोस, आधी पेटी भर. आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) असेल तर सगळ्यात आधी दोन स्पार्क प्लग आणि प्लगपाना, कारण पेट्रोलमधे पाणी आलं की पहिला प्लगच जातो, आणि सोबत एक फ्युएल फिल्टर. पाण्यातल्या पंख्याला शिअर पिन (पंखा दांड्यावर धरून ठेवणारी छोटी पिन) असेल तर चार-पाच जास्तीच्या घे, ती मुद्दाम मऊ असते, खडपाला पंखा लागला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. मी एकदा पिनेच्या जागी खिळा घातलेला, गिअरबॉक्सच गेला, पैसे विचारू नको! मशीनच्या मागून पाण्याची धार येते ती बघत जा, बंद झाली तर इम्पेलर (मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारी चक्री) गेला समज, मशीन लगेच बंद कर. बाकी पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, तार, चिकटपट्टी, स्टार्टरची दोरी, जाळं अडकलं तर धारदार सुरी. हत्यारं ग्रीस लावून झाकणाच्या डब्यात ठेव नायतर महिन्यात गंजतात. वल्ही आणि नांगर विसरू नकोस, मशीन असलं तरी. आणि १५५४ नंबर मोबाईलमधे सेव्ह कर, कोस्ट गार्डचा आहे.