अडत्या, दलाल आणि तोफा

प्रश्न असा आला आहे: “सोलापूरच्या मार्केट यार्डात आमचा कांद्याचा अडत गाळा आहे. परवा चहाच्या टपरीवर परदेशी शस्त्रखरेदीवरून दोन पक्षांचे लोक भांडत होते. एक म्हणाला, ‘दलालांचंच राज्य होतं की बे तुमचं!’ वडील अर्धा चहा टाकून उठले. अडत्या आणि दलाल एकच का? आणि दलाल ही शिवी कधी झाली?”

एक नाहीत. अडत्याच्या गाळ्यावर माल उतरतो. तो लिलाव लावतो, पैशाला जामीन राहतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, देतो. दलाल मालाला हात लावत नाही; तो घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देतो. पट्टी महत्त्वाची, कारण काय कापलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. फेब्रुवारी 2023 मध्ये याच बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचा 2 रुपयांचा चेक मिळाला. लोक भडकले ते योग्यच. पण गाडीभाडं किती, हमाली-तोलाई किती, हे त्या पट्टीवर वाचता येत होतं.

दलाल मूळचा अरबी. दाखवणं, वाट दाखवणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. ‘दलील’ त्याच धातूतली. आपल्याकडे दखनी बोलणाऱ्या कुणालाही विचारा, दलील म्हणजे पुरावा, मुद्दा. (त्या दिवशी टपरीवर दलाल निघाला, दलील काही निघाली नाही.) धंद्याचं नाव म्हणून या शब्दात कमीपणा नव्हता. मुंबईत दलाल स्ट्रीट आहे, आणि दीनानाथ दलालांची चित्रं दिवाळी अंकांवर मिरवली ती याच आडनावाने. डाग होता तो बायकांचा बाजार मांडणाऱ्या दलालामुळे, आणि तो जुना आहे.

राजकारणातली शिवी पक्की झाली ती बोफोर्स या स्वीडिश तोफा-कंपनीच्या प्रकरणापासून. 1986 मध्ये 410 तोफांचा करार झाला, एप्रिल 1987 मध्ये स्वीडनच्या रेडिओने लाच दिल्याची बातमी दिली. यात गंमत अशी की व्यवहारात मध्यस्थ नाही, हीच सरकारची भूमिका होती. एरवी दलालाने किती घेतले यावरून वाद होतो. इथे दलाल असणं हाच गुन्हा ठरला. त्यात लाच, कमिशन, दलाली हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले, आणि 1989 च्या प्रचारात तर फरक करायला कुणाला सवड नव्हती. पुढे 2004 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने करारावेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्यावरचा लाचेचा आरोप रद्द केला. राफेल या फ्रेंच लढाऊ विमानांच्या वेळी पक्षांनी जागा बदलल्या. करार 2016 चा, 36 विमानांचा. भांडणातला नवा शब्द ‘ऑफसेट’, म्हणजे विकणाऱ्या परदेशी कंपनीने कराराच्या रकमेतला ठरलेला वाटा भारतातल्या कंपन्यांना काम देऊन परत आणायचा. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची मागणी फेटाळली. टपरीवर यातला एकच निकाल पाठ असतो, आपल्या सोयीचा.

या गोंधळात एक काळजी मात्र मागे पडते. परदेशी तोफ घेतली की तिचे सुटे भागही तिकडूनच येणार, आणि कंपनीशी बिनसलं तर अडणार आपणच. त्या काळजीसाठी आपल्या राजकारणाने अजून एकही चटकदार शब्द काढलेला नाही.

लिहिताना मी असं करतो: कराराने ठरलेली आणि कागदावर दिसणारी ती दलाली, टेबलाखालून गेली ती लाच. ‘कमिशन’ टाळतो, कारण त्यात दोन्ही लपतात. ‘शस्त्रदलाल’ जोडून लिहावा. संस्कृत-अरबी समास आपल्याला नवा नाही, ‘जिल्हाधिकारी’ तसाच आहे.

आणि वडिलांना सांगा, ‘शस्त्रअडत्या’ असं अजून कुणी म्हणालेलं माझ्या कानावर नाही.