डब्यावरचे दहा किलोमीटर डोंगरात कुठे जातात?

वॉकीटॉकी कोणता घ्यावा, असं विचारणारी बरीच पत्रं साचली आहेत. वीसेक वर्षं सह्याद्रीत गट घेऊन फिरताना हे सेट माझ्या खांद्याच्या पट्ट्यावर आहेत, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवानाही आहे. ज्या प्रश्नांत कुणाच्या जिवाचा संबंध येतो, ते आधी घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): कॉलेजच्या गटासाठी चार वॉकीटॉकी घेतले. डब्यावर रेंज दहा किलोमीटर लिहिली होती. राजगडावर सुवेळा माचीवरच्या मुलांना संजीवनी माचीवरच्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाही. सेट खराब निघाले का?

सेट बहुधा ठीक आहेत. तुमच्या दोन गटांच्या मधे आख्खा बालेकिल्ला उभा होता. या सेटच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि आपला काळा कातळ त्यांना आरपार जाऊ देत नाही. दहा किलोमीटर हा आकडा मोकळ्या, सपाट जागेचा आहे. दोघांनी सेट छातीच्या उंचीवर धरले, तर साधारण तेवढ्या अंतरावर पृथ्वीचा गोलवाच आड येतो. म्हणजे तिथेही ती वरची मर्यादा झाली, रोजची रेंज नव्हे. उलट 1646 मीटरच्या कळसूबाईवरून समोरचा डोंगर स्वच्छ दिसत असेल, तर लहानसा सेटही चकित करण्याइतका लांब पोचतो.

म्हणून पुढच्या वेळी तिसरा सेट बालेकिल्ल्यावर ठेवा. तिथल्या माणसाला दोन्ही माच्या दिसतात. एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, एवढंच त्याचं काम. हे काम गटातल्या सगळ्यात शांत माणसाला द्या. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना आम्ही हेच करतो. नाळेत प्रत्येक वळणाला आवाज मरतो, मग वळणावर एक जण थांबतो आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलत नाही.

जास्त वॅटच्या सेटचा मोह होईल. अर्ध्या वॅटचा सेट टाकून पाच वॅटचा घेतला, तर ताकद दहापट होते, पण मोकळ्या जागेतही अंतर तिपटीच्या आसपासच वाढतं आणि कातळाआड फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा दहा पावलं वर चढून कड्याच्या तोंडाशी उभं राहिलेलं बरं. सेट कमरेला लावून बोलू नका, अंगच अर्धी ताकद खाऊन टाकतं. अँटेना उभी, तोंडापासून दोन-तीन बोटांवर.

प्रश्न (ठाणे): भाच्याने अमेरिकेतून बावीस चॅनेलचे दोन सेट आणले आहेत. ते इथे वापरले तर चालतील का? आणि दुकानात साडेतीन हजारांचा पाच वॅटचा सेट ‘परवाना लागत नाही’ म्हणून देतात, ते खरं का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. अमेरिकेतले ते सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर बोलतात. तिकडे त्यांना परवाना लागत नाही, पण आपल्याकडे त्या पट्ट्याला ती सूट नाही. आपल्याकडे वॉकीटॉकीसाठी बिनपरवाना मोकळा आहे तो 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा पट्टा, 2018 च्या नियमांनुसार. तोही सेटच्या नमुन्याला दूरसंचार विभागाची मान्यता (ईटीए) असेल तरच. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: फ्रिक्वेन्सी किती आणि ईटीए प्रमाणपत्र कुठे आहे? डब्यावर 136 ते 174 आणि 400 ते 480 असे लांबलचक पट्टे लिहिले असतील, तर तो सेट बिनपरवाना वापरायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच विक्रीसाठी तेरा ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या.

हे मी नुसतं कायद्याच्या धाकाने सांगत नाही. अशा सेटवर बटणं दाबता दाबता माणूस पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या चॅनेलवर जाऊन पोचतो, आणि त्याच वेळी तिथे कुणाचा तरी शोध चालू असू शकतो. भाच्याचे सेट त्याच्याबरोबर परत पाठवा.

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा): आमची दोन वावरं नाल्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत. रानडुकरांमुळे रात्री जागलीला जावं लागतं. मोबाईलला रेंज नाही, वाघाची भीती आहे. वॉकीटॉकीचा उपयोग होईल का? डुकरं घेरायलाही वापरता येईल का?

जागलीसाठी जरूर घ्या. तुमच्या इतकी याची खरी गरज मला कुणाच्याच पत्रात दिसली नाही. सपाट वावरात, मचाणावरून बोलल्यास 446 चा साधा सेट अर्धा-एक किलोमीटर सहज पोचावा. मधे दाट झाडी असेल तर कमी, पावसाने पानं ओली असतील तर आणखी कमी. म्हणून विकत घेण्याआधी कुणाचे तरी सेट मागून आणा आणि दोन्ही मचाणांवरून रात्री बोलून बघा. दर अर्ध्या तासाला एकमेकांना हाळी द्यायची, असं ठरवून घ्या. सलग दोन हाळ्यांना ओ आली नाही, तर एकट्याने अंधारात बघायला जाऊ नका. गावात फोन लागेल अशा जागेवरच्या तिसऱ्या घरात एक सेट ठेवा आणि आधी त्यांना उठवा, मग चार जण मिळून बॅटऱ्या घेऊन निघा.

डुकरं घेरून मारायचा विचार मात्र मनातून काढा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. नुकसान करणाऱ्या डुकरांबाबत जे काही करायचं, ते वनखात्याच्या लेखी परवानगीनेच. पिकाच्या नुकसानीची भरपाईही त्यांच्याकडेच मागता येते, ती अवश्य मागा.

प्रश्न (नाशिक): पावसाळी ट्रेकसाठी सेट घेताना हातात धरून नेमकं काय बघू?

आधी चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण बघा. नखाने उघडा, परत दाबा. ते घट्ट बसत नसेल तर डब्यावर आयपी 67 लिहून काही उपयोग नाही. त्यातले 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल असं, पण झाकण बंद असताना. मग बोलायचं बटण ओल्या बोटांनी दाबून बघा. ते चटकन लागायला हवं आणि सॅकच्या पट्ट्याखाली आपोआप दाबलं जायला नको. तसं झालं तर तुमचा एक सेट सगळ्यांचं चॅनेल अडवून बसतो. बॅटरी बदलता येते का, तेही विचारा. घरी पूर्ण चार्ज करून, अधूनमधून बोलत, किती तास जातो ते मोजा. हिमालयात नेणार असाल तर रात्री बॅटरी झोपण्याच्या पिशवीत ठेवा, थंडीत ती लवकर बसते.

सेट घेतल्यावर बोलायची सवय लावा. एकदा धुक्यात मी पुढच्या मुलाला सांगितलं, ‘पुढे जाऊ नका.’ बटण घाईने सोडलं. त्याला ऐकू आलं, ‘पुढे जाऊ’. तो दहा पावलं चालला आणि मागच्याने सॅक धरून त्याला थांबवलं. पुढे घसरडा उतार होता. तेव्हापासून आमच्या गटात सेटवर ‘नका’ हा शब्दच नाही. ‘थांबा’ म्हणायचं, दोनदा. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोलायचं, वाक्य संपल्यावर क्षणभराने सोडायचं, आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं.

प्रश्न (विस्कॉन्सिन, अमेरिका): नोव्हेंबरात मित्रांबरोबर पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जातोय. कोणते सेट घेऊ?

चार-पाच जणांना बिनपरवान्याचे एफआरएस सेट (वर आलेले बावीस चॅनेलचे, तेच) पुरतात. जास्त ताकद हवी तर जीएमआरएसचा, म्हणजे त्याच पट्ट्यातल्या जास्त ताकदीच्या सेटचा, परवाना काढा: 35 डॉलर, दहा वर्षं, परीक्षा नाही, घरातल्या सगळ्यांना चालतो. कानात घालायचा इअरफोन घ्या. काही राज्यांत जनावर कुठे आहे हे रेडिओवरून सांगायला मनाई असते, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी वाचा. सेटचा खरा उपयोग ‘मी जागा सोडतोय, ओढ्याच्या बाजूने येतोय’ हे सांगण्यासाठी. तसं सांगितल्याशिवाय कुणी जागेवरून हलू नये. भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे हवेतच.

प्रश्न (कोल्हापूर): खूप लांब जायचं असेल तर सॅटेलाइटचं यंत्र बरं, की हॅमचा परवाना?

परदेशी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय इथे जवळ बाळगू नका. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला असं यंत्र सामानात सापडल्यावरून ताब्यात घेतलं होतं. हॅमची परीक्षा जरूर द्या. बारा वर्षांपुढे कुणालाही देता येते, आणि रेडिओ कसा चालतो हे त्यात खरोखर कळतं. पण हॅमवर समोरचाही परवानाधारकच लागतो, त्यामुळे गटातल्या प्रत्येकाच्या हाती तो सेट देता येत नाही.

शिवाय वॉकीटॉकी गटापुरताच असतो, बाहेरच्या मदतीपर्यंत तो पोचत नाही. म्हणून पायथ्याच्या गावात ज्या घरी चहा घ्याल, तिथे एक कागद ठेवा: सगळ्यांची नावं, जायची-यायची वाट, परतायची वेळ, घरचा एक नंबर. आणि त्या घरच्यांना विचारून घ्या, वर कुठल्या टेपाडावर मोबाईलची रेंज येते.